एका जागी न बसणारी मुलं आणि प्राणी: लाइट कसा लावायचा, फोटो कसे एडिट करायचे

पोरगं एकदाचं मनापासून हसलं आणि नेमकं तेव्हा त्याचं तोंड अंधारात होतं. लहान मुलांचे किंवा कुत्र्यामांजरांचे पोर्ट्रेट काढणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलेलं असतं. आपण सोफ्याच्या कोपऱ्यावर छान लाइट लावतो, एक्सपोजर म्हणजे फोटो किती उजळ येणार ते जुळवतो, पोर तिथे चार सेकंद बसतं, मग उठून पडद्यामागे जाऊन लपतं, आणि आपल्याला हवा असलेला चेहरा नेमका पडद्याआडून डोकावताना मिळतो, जिथे लाइटच नाही. मीसुद्धा बरीच वर्षं मुलांना लाइटमध्ये ओढून आणत होते, समजावत होते, परत बसवत होते. आता मी मुलाला कुठे आणत नाही. ते जिथे जिथे जाणार आहे तेवढ्या सगळ्या जागेवर लाइट लावून ठेवते आणि त्याला मोकळं सोडते. हे एक ठरलं की सेटिंग काय, हाक कुणी कुठून मारायची, एडिटिंगला किती वेळ जाणार, सगळं त्यातूनच ठरत जातं, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी रिंगण आखा, कॅमेरा बॅगेतच राहू दे

साधारण २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा मनात धरा, मी तिला रिंगण म्हणते. खाली चटई किंवा गादी टाका, म्हणजे मुलांना ही आपली खेळायची जागा असं आपोआप वाटतं, आणि कुत्री तर मऊ काही दिसलं की तिकडेच जातात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खुर्ची किंवा उशांचा ढीग, म्हणजे पळायच्या वाटा कमी होतात. मागे काय दिसणार ते आत्ताच बघून घ्या, वायरी, बादल्या, चार्जर सगळं उचला, कारण ४०० फोटोंतून तो चार्जर पुसत बसण्यापेक्षा आत्ता उचलणं १ मिनिटाचं काम आहे.

आता लाइट. इथे एक गणित डोक्यात पक्कं बसवून घ्या. लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. सॉफ्टबॉक्स म्हणजे पांढऱ्या कापडाची लाइटची पेटी १ मीटरवर आहे आणि मूल अर्धा मीटर मागे सरकलं की उजेड निम्म्याच्याही खाली जातो, म्हणजे १ स्टॉपपेक्षा जास्त फरक (१ स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तोच सॉफ्टबॉक्स अडीच मीटरवर ठेवलात आणि मूल तेवढंच अर्धा मीटर सरकलं तर फक्त अर्धा स्टॉप जातो, जो एडिटिंगमध्ये एका स्लायडरने भरून निघतो. मोठ्या माणसाच्या पोर्ट्रेटला लाइट जवळ आणा असं आपण शिकलेलो असतो कारण जवळचा लाइट मऊ पडतो, पण इथे सब्जेक्टच फिरतोय त्यामुळे लाइट लांब पाहिजे. लांब नेला की तो कडक पडायला लागतो, म्हणून मग तो मोठा पाहिजे: १५० सेंटीमीटरची छत्री, किंवा त्याहून सोपं म्हणजे फ्लॅश पांढऱ्या भिंतीवर मारा, अख्खी भिंतच लाइट होते.

खिडकी असेल तर खिडकीनेच सुरुवात करा, प्राण्यांसाठी तर नक्कीच. सरळ ऊन आत येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. रिंगण खिडकीला चिकटून नको, १ ते दीड मीटर आत घ्या, खिडकीला अगदी लागून उजेड भरपूर असतो पण एक पाऊल मागे गेलं की धाडकन उतरतो. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर लटकवा किंवा थर्माकोलचा शीट उभा करा, म्हणजे पोराने खिडकीकडे पाठ केली तरी चेहरा काळा पडत नाही. आणि खोलीतले सगळे दिवे बंद. हे लोक विसरतात आणि मग एडिटिंगला बसल्यावर एक गाल निळा एक गाल पिवळा दिसतो, जो कुठल्याच व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढऱ्याला पांढरं दाखवणाऱ्या सेटिंगने, धड सुधारत नाही. शिवाय बऱ्याच एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होत असतो, डोळ्याला कळत नाही पण फास्ट शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फारच.

मग टेडी टेस्ट. मूल किंवा कुत्रा खोलीत यायच्या आधी एक टेडी घ्या, रिंगणाच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध ठेवून त्याच सेटिंगवर ५ फोटो काढा. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा यात १ स्टॉपपेक्षा जास्त फरक असेल तर लाइट अजून लांब न्या किंवा काळ्या कोपऱ्याजवळ पांढरा शीट आणा. रिंगण लहान केलं तरी चालेल. ५ मिनिटं जातात यात. पण पुढचा अख्खा दिवस या ५ मिनिटांवर उभा असतो, खरं सांगते.

हाक कुठून यायला पाहिजे

हे मला फार उशिरा कळलं म्हणून वेगळं लिहितेय. मूल आणि कुत्रा दोघंही आवाजाकडे तोंड वळवतात. म्हणजे हाक मारणारा माणूस जिथे उभा असेल तिथे लाइट पाहिजे! आपण काय करतो, लाइट डावीकडे लावतो आणि आई उजवीकडे उभी राहून टाळ्या वाजवते, आणि प्रत्येक फोटोत चेहऱ्याची सावलीची बाजू येते. आईला मुख्य लाइटच्या बाजूला उभं करा, लाइट आणि कॅमेरा यांच्या मधे, तोंड आपोआप उजेडाकडे येतं. आणि हाक एकानेच मारायची. बाबा, आजी, ताई, सगळे मिळून बोलवायला लागले की डोळे चार दिशांना भिरभिरतात, बाकीच्यांना प्रेमाने दुसऱ्या खोलीत बसवा.

फ्लॅश वापरायचा असेल तर

कॅमेऱ्यावरून सरळ तोंडावर मारू नका. फ्लॅशचं डोकं वर आणि थोडं मागे वळवून, आपल्या पाठीमागची भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे मारा. छत पांढरं पाहिजे, रंगीत असेल तर तोच रंग त्वचेवर उतरतो. आता महत्त्वाचं: पॉवर कमी ठेवा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा. फुल पॉवरला फ्लॅशला परत चार्ज व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो चेहरा गेलेला असतो. आयएसओ ८०० किंवा १६०० ला नेऊन फ्लॅश १/१६ पॉवरवर आणलात तर तो लागोपाठ मारता येतो. दुसरा फायदा असा की कमी पॉवरला फ्लॅशचा झोत फारच छोटा असतो, सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे खोलीत बाकी उजेड कमी असेल तर हलणारा हात किंवा झटकलेलं डोकं फ्लॅशच थांबवून देतो. शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडला, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात फास्ट शटरला ठेवा, बहुतेकांत १/२०० किंवा १/२५० सेकंद.

प्राण्यांना पहिला फ्लॅश दचकवतो. कुत्रा रिंगणात येण्याआधीपासून खोलीत ५-६ वेळा छताकडे मारा, त्याला लांबून दिसू दे, ऐकू दे. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० आणि मांजराला ६०,००० च्याही पुढे, त्यामुळे चार्ज होणाऱ्या फ्लॅशची जी किणकिण आपल्याला जेमतेम जाणवते ती त्यांच्या कानात कशी वाजत असेल कोण जाणे. कॅमेऱ्याचा फोकसचा बीप बंद करा. कुत्रा दोनदा दचकला की मी फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडावर येते, त्यात चर्चा नाही.

स्टँडला वाळूची पिशवी किंवा भरलेली पाण्याची बाटली बांधाच, आणि वायरी जमिनीला टेपने चिकटवा. एकदा कुत्र्याची लीश म्हणजे धरायची दोरी स्टँडच्या पायात अडकली आणि छत्रीसकट लाइट खाली आला, मुलगी तिथून हातभर अंतरावर बसलेली होती. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मुलं रिंगणात असताना डोक्यावर येईल असा कुठलाही स्टँड मी लावत नाही.

कॅमेऱ्याची सेटिंग

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ६४००. बसलेल्या मुलाला शटर १/२५०, खेळणाऱ्याला १/५०० आणि धावणाऱ्या कुत्र्याला १/१००० च्या वरच. लोक आयएसओला घाबरून शटर कमी करतात आणि तिथेच फोटो जातो, नॉइज म्हणजे फोटोतला दाणेदारपणा एडिटिंगमध्ये जातो पण हललेला डोळा कुठल्याच सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. फ्लॅश असेल तर मात्र आयएसओ फिक्स करा, ऑटो नको, म्हणजे सगळे फोटो सारखे येतात आणि एडिटिंग एकदाच करावं लागतं.

अ‍ॅपर्चर: हे लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं मागचंपुढचं जास्त धूसर. मुलांना एफ २.८ ते एफ ४. लांब नाकाच्या कुत्र्याला एफ ४ ते एफ ५.६, कारण एफ १.८ ला डोळा शार्प येतो आणि नाक पार धूसर, चेहरा विचित्र दिसतो. फोकस कंटिन्युअस मोडवर ठेवा, म्हणजे तो हलणाऱ्या सब्जेक्टच्या मागे जात राहतो. आणि डोळा ओळखणारा फोकस असेल तर मेन्यूत जाऊन माणूस की प्राणी ते बदला, हे विसरून लोक अर्धा तास कॅमेऱ्याला शिव्या देत बसतात. काळ्या केसाळ कुत्र्याचे डोळे कॅमेऱ्याला सापडत नाहीत कधीकधी, तेव्हा एकच पॉइंट घेऊन जवळच्या डोळ्यावर ठेवा. फाइल रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

उंची म्हणजे त्यांच्या डोळ्यांची उंची. पोटावर झोपा. रांगणाऱ्या बाळाचा फोटो उभं राहून काढला की फक्त टाळू आणि कपाळ दिसतं, शिवाय वरून आलेल्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. आणि फ्रेम जरा सैल ठेवा, घट्ट धरली तर कान नाहीतर पंजा हमखास कापला जातो. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी कापली तरी ३००० बाय २००० उरतात, ३०० डीपीआयला १० इंच रुंद प्रिंट त्यातून आरामात निघतो.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात: लेन्स पुसा, मेन कॅमेराच वापरा, झूम नको. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मांजराच्या मिशा आणि मुलांचे भुरभुरणारे केस खाऊन टाकतो. नाइट मोड तर अजिबात नको, तो बरेच फोटो एकत्र जोडतो आणि हलणारं पोर भुतासारखं दिसतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा आणि बर्स्ट म्हणजे लागोपाठ फोटो मारा. उजेड खिडकीजवळ भरपूर असेल तर फोनसुद्धा फार सुंदर फोटो देतो.

मुलं

वेळ झोप झाल्यावरची, पोट भरलेलं असतानाची. दोन-तीन वर्षांच्या पोराकडून १५ मिनिटं मिळतात, त्यातली पहिली ५ ओळखीत जातात. मी आल्याआल्या कॅमेरा काढतच नाही, जमिनीवर बसते आणि माझ्याच खेळण्यांशी खेळते, पोर आपणहून जवळ येतं. "हस ना, इकडे बघ ना" हे शब्द खोलीत कुणीच उच्चारायचे नाहीत, त्याने दात दिसतात, हसू येत नाही. त्यापेक्षा "या काचेच्या आत कोण दडलंय बघ जरा" म्हणा, ते थेट लेन्समध्ये बघतं, डोळे मोठे करून. बुवा कुक तर दीड वर्षापर्यंतच्या बाळांना कितीही वेळा चालतं, फक्त लपायचं लेन्सच्या मागेच. जरा मोठ्या मुलाला काम द्या, उशी उचलून आण, टेडीला झोपव.

परवाचीच गोष्ट, अडीच वर्षांची मुलगी, आल्यापासून रडवेली, आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसलेली. मी टेपचा एक छोटा तुकडा काढून तिच्या बोटाला चिकटवला आणि काही न बोलता मागे सरकले. तिने तो या हाताने ओढला, तो त्या बोटाला चिकटला, तिकडून ओढला, परत इकडे. रडणं बंद, भुवया एकत्र, जिभेचं टोक बाहेर. पूर्ण ३ मिनिटं ती तशीच रिंगणाच्या मधोमध बसून होती आणि खिडकीचा उजेड तिच्या पापण्यांवर, त्या बोटांवर. टेप निघाला तेव्हा तिने विजयाने मान वर करून आईकडे बघितलं, आणि आई खिडकीच्या बाजूला होती. तो एक फोटो. त्या सेशनचे बाकी सगळे नसते आले तरी मला चाललं असतं.

कुत्री आणि मांजरं

कुत्र्याला आधी कॅमेरा हुंगू द्या, जमिनीवर ठेवून द्या सरळ. मोठी लेन्स म्हणजे त्याच्या दृष्टीने टक लावून बघणारा मोठा डोळा, काही कुत्र्यांना त्याने फार अस्वस्थ व्हायला होतं. विचित्र आवाजाने कुत्रा मान तिरकी करतो आणि तो फोटो सगळ्यांना आवडतो, पण एक आवाज तीनचार वेळाच चालतो, त्यानंतर त्याला कळतं की यातून काही निघत नाही. म्हणून आवाज शेवटासाठी राखून ठेवा, फोकस लागलाय, शटर अर्धं दाबलंय, मगच आवाज. खाऊ दाखवायचा तर लेन्सच्या अगदी वर धरा, आणि फोटो झाला की तो द्या, फसवू नका.

जांभया यायला लागल्या, खाऊ नसताना जीभ ओठांवर फिरायला लागली, तोंड फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, शेपूट पोटात गेली, की तो सांगतोय, पुरे. मांजराचं म्हणाल तर कान मागे चपटे आणि शेपटीची फटफट. थांबा, दार उघडा, पाणी द्या, अर्ध्या तासाने बघू. जबरदस्तीने धरून काढलेल्या फोटोत ती भीती डोळ्यांत दिसतेच.

मांजराला बोलवायचं नाही. रिंगणात एक खोकं किंवा घडी घातलेलं पांघरूण ठेवायचं आणि आपण खाली बसून डोळे हळूच मिटायचे, उघडायचे. ते येतं. मांजराच्या बाहुल्या भर उजेडात उभ्या रेघेसारख्या बारीक होतात आणि अंधारात पूर्ण गोल काळ्या, डोळ्यांचा रंग दिसायला हवा असेल तर खोली उजळ ठेवा, फ्लॅशने शूट करत असाल तरीही, कारण फ्लॅश पडेपर्यंत बाहुली अंधारातलीच असते.

काळा कुत्रा, पांढरं मांजर

काळा कुत्रा समोरून कितीही उजेड टाकला तरी काळा ठिपकाच दिसतो, आणि कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला करडा करायला जातो आणि मागचं सगळं पांढरंफटक होतं. काळ्या केसांचा आकार दिसतो तो त्यावरच्या चमकेमुळे. म्हणून लाइट बाजूला न्या, थोडा मागेच, म्हणजे खिडकी कुत्र्याच्या खांद्यामागून येऊ दे आणि समोरून पांढऱ्या शीटचा उजेड. पाठीवरून, कानांच्या कडेवरून रुपेरी रेघ उठते आणि एकदम कुत्र्याला शरीर येतं! मीटरवर विसंबलात तर एक्सपोजर ⅔ ते १ स्टॉप कमी करा. पांढऱ्या मांजराला उलटं, ⅓ ते १ स्टॉप वाढवा, पण हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख उजव्या भिंतीला आपटू देऊ नका, जळालेल्या पांढऱ्या केसांत एडिटिंगला काहीच सापडत नाही.

बाहेर काढत असाल तर मोकळी सावली शोधा आणि सब्जेक्टला सावलीच्या कडेपाशी आणा, तोंड आकाशाकडे मोकळं असलेल्या बाजूला. हिरवळीवर पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाला आणि बाळाच्या हनुवटीला हिरवा रंग चढतो, हे काढतानाच लक्षात ठेवा.

एडिटिंगसाठी आत्ताच काढून ठेवायचे ३ फोटो

एक, ग्रे कार्डचा म्हणजे रंग जुळवायच्या करड्या कार्डाचा, आईच्या हातात धरून, त्याच लाइटमध्ये. दोन, रिकाम्या रिंगणाचा, जिथून पुढचे फोटो काढणार तिथूनच. तीन, सगळं संपल्यावर परत एकदा रिकामं रिंगण, कारण तोपर्यंत चटई सरकलेली असते. लीश सोडता येत नसेल तर बारीक लीश घ्या आणि ती सरळ वर ताणून धरा, अंगावरून जाऊ देऊ नका. भिंतीवरची लीश पुसायला १० सेकंद लागतात, केसांवरून गेलेली पुसायला अर्धा तास आणि तरी डाग राहतो. बाळाला धरणाऱ्या हातांचंही तसंच, रिकाम्या रिंगणाचा फोटो खाली लेयर म्हणजे थर म्हणून ठेवला की हात सहज जातात.

आता कॉम्प्युटरवर

पहिली चाळणी फक्त डोळ्यांची. १०० टक्के झूम, जवळचा डोळा शार्प नाही म्हणजे फोटो बाद, कितीही गोड असला तरी, आणि अपवाद अगदीच जीव अडकला असेल तेव्हा. शेपूट हललेली, हात हललेला चालतो, उलट त्यात जिवंतपणा येतो. ४०० मधून २० उरले की थांबा.

मग क्रम असा ठेवा. नॉइज जास्त असेल तर डिनॉइज सगळ्यात आधी, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून एआय डिनॉइज आहे, पण त्याचा आकडा ३० ते ५० च्या पुढे नेला की केस प्लास्टिकसारखे होतात, म्हणून कपाळावरचे बारीक केस बघत बघत वाढवा. नंतर ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स. कार्ड राहून गेलं असेल तर तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून घेऊ नका, तो मुळात निळसर असतो, सगळा फोटो पिवळा होईल. एका फोटोचं एक्सपोजर, कॉन्ट्रास्ट, रंग नीट लावा आणि बाकी सगळ्यांवर सिंक करा. रिंगणात लाइट सारखा ठेवला होता त्याचं फळ इथे मिळतं, २० फोटो ५ मिनिटांत जवळजवळ तयार होतात, मग प्रत्येकाचा एक्सपोजर तेवढा अर्धा स्टॉप इकडेतिकडे.

मुलांची त्वचा गुळगुळीत करू नका. ती आधीच आहे. तोंडाला लागलेलं, शेंबूड, लाळेची चमक, कालचा ओरखडा हे हीलिंग ब्रशने काढा, तीळ आणि जुना व्रण राहू द्या. गालांवर लाल चट्टे असतील तर कलर मिक्सरमध्ये लाल रंगाचा ह्यू म्हणजे छटा थोडी नारिंगीकडे आणि त्याचा ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा ५ ते १० वर, बस. हनुवटीखालचा हिरवा किंवा टीशर्टचा लाल रंग मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा कमी करा.

क्लॅरिटी आणि टेक्स्चर हे बारकावे उठवणारे स्लायडर मुलांच्या चेहऱ्यावर शून्य. प्राण्यांच्या केसांवर मास्क करून टेक्स्चर १० ते २०. काळ्या कुत्र्याला शॅडो वर ओढा पण ब्लॅक खालीच राहू द्या, नाहीतर कुत्रा करडा होतो, आणि बाहेर काढला असेल तर त्याच्या पाठीवर आकाशाचा निळा रंग असतो, त्या मास्कमध्ये निळ्याचं सॅच्युरेशन खाली आणा. डोळ्यांतली चिपडं आणि लाळेच्या तारा काढा. शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, पांढऱ्या दिसतात तेवढ्याच कडांवर ते लागतं, डोळे, मिशा, पापण्या एवढंच पांढरं ठेवा.

डोळे उजळवायचे ते बुबुळाचा खालचा अर्धा भाग, एक्सपोजर ०.३ पर्यंत. पांढरा भाग अजून पांढरा करायचा नाही, बाहुलीला हात लावायचा नाही. सगळं डोळ्यांचं काम करून झालं की फोटो लहान करून बघा, आधी डोळे दिसतायत आणि मग मूल, असं झालं तर जास्त झालंय.

डोळे चमकले असतील तर

कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो, उजेड त्यावरून परत येतो आणि म्हणून सरळ फ्लॅशमध्ये डोळे हिरवे, पिवळे, कधी निळे पेटतात. साधं रेड आय टूल लाल रंग शोधतं, त्याला हे सापडत नाही. लाइटरूमच्या त्याच टूलमध्ये पेट आय असा पर्याय आहे, तो वापरा. किंवा ब्रशने बाहुलीवर सॅच्युरेशन उणे १००, एक्सपोजर खाली, आणि लाइट ज्या बाजूला होता त्या बाजूला एक छोटा पांढरा ठिपका परत ठेवा, नाहीतर डोळा मेलेला दिसतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायचीय. फ्लॅशमध्ये दोन्ही डोळे लाल येणं नेहमीचं आहे. पण एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट किंवा पिवळट चमकतोय आणि हे एकाहून जास्त फोटोंत दिसतंय, तर एडिट करून मोकळं होऊ नका, आईवडिलांना दाखवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लवकर जायला सांगा. बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या कोनामुळेही असं होतं. पण रेटिनोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर किंवा मोतीबिंदूसुद्धा पहिल्यांदा अशाच फोटोतून लक्षात येऊ शकतो, आणि तिथे वेळ फार महत्त्वाचा असतो.

दोन भावंडं, एक कुत्रा, आणि सगळे एकदम चांगले दिसत नाहीत

दिसणारच नाहीत, त्यामुळे तसं गृहीत धरूनच काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल, फोकल लेन्थ बदलायची नाही, आणि तिघं जवळजवळ बसलेले असताना २०-३० फोटो. नंतर ज्यात शरीरांची ठेवण सगळ्यात छान तो बेस. ज्यात दादा चांगला दिसतो तो वर लेयर, दोन्ही निवडून फोटोशॉपमध्ये ऑटो अलाइन (दोन्ही आपोआप एकावर एक जुळतात), मग वरच्या लेयरला काळा मास्क, ज्याने तो पूर्ण झाकला जातो, आणि मऊ पांढऱ्या ब्रशने डोकं आत आणा. जोड कॉलरवर किंवा केसांच्या कडेच्या आत घ्या, उघड्या मानेवर कधीच नको, त्वचेवरचा जोड लगेच दिसतो. कुत्र्याचा जोड गळपट्ट्यावर. डोकं ज्या दिशेला झुकलंय त्याची सावली बेसमधल्या खांद्यावर जुळते का ते बघा, नसेल तर खांद्यासकट आणा. हसू एआयने तयार करून चिकटवू नका. दुसऱ्या फोटोतलं हसू त्याच मुलाचं, त्याच दुपारचं आहे, ते घेणं मला चालतं. जे तो हसलाच नाही ते त्याच्या तोंडावर ठेवणं मला पटत नाही, आणि आईला ते लगेच ओळखू येतं.

फाइल बाहेर काढताना

ऑनलाइनसाठी एसआरजीबी हा कलर प्रोफाइल, लांब बाजू २०४८ पिक्सेल. प्रिंटसाठी पूर्ण साइझ. मुलांचा फोटो कुठेही टाकण्याआधी एक्स्पोर्टमध्ये लोकेशन काढायचा जो चौकोन असतो त्यावर टिक करा, फोनमधून काढलेल्या फोटोत बऱ्याचदा घराचा पत्ताच बसलेला असतो, आणि मागे शाळेचं नाव किंवा घराची पाटी दिसत असेल तर ती पुसा. रिकाम्या रिंगणाच्या रॉ फाइल सेशनच्या फोल्डरमध्येच ठेवून द्या, ६ महिन्यांनी कुणीतरी मोठा प्रिंट मागतं आणि तेव्हा कोपऱ्यातला आईचा अंगठा दिसतो.